दोन कार्बोरेटर आणि एक बंद गॅरेज

ऑक्टोबरातला रविवार होता. इंग्लंडमधल्या एका लहान गावात, माझ्या वर्गमित्राच्या गॅरेजात, आम्ही दोघे एका जुन्या गाडीचे बॉनेट उघडून उभे होतो. तो तिथे भूलतज्ज्ञ, मी इथल्या सरकारी रुग्णालयात फिजिशियन. दोघांच्या मिळून जवळजवळ साठ वर्षांच्या वैद्यकीय अनुभवाचा त्या सकाळी काडीचाही उपयोग झाला नाही, हे आधीच कबूल करतो. लेख त्याबद्दलच आहे.

गाडी एमजीबी, १९६७ सालची. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही स्पोर्ट्स गाडी बनत होती. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्याच्या कुशीला शेजारी शेजारी बसवलेले दोन एसयू कार्बोरेटर. आपल्याकडच्या वाचकांना हे इंजिन वाटते तितके परके नाही. अँबॅसिडरमध्ये अनेक वर्षे जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या याच ‘बी-सीरीज’ घराण्यातले. इंग्लंडमध्ये त्याच मापाच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर लावून एमजीए ही स्पोर्ट्स गाडी काढली; आपल्याकडे ते एका कार्बोरेटरवर निमूटपणे टॅक्सी ओढत राहिले.

दोन कार्बोरेटर असले की त्यांचा मेळ घालावा लागतो. या इंजिनात पुढचा कार्बोरेटर पहिल्या दोन सिलिंडरना हवा-पेट्रोल पुरवतो आणि मागचा उरलेल्या दोघांना. दोघांच्या थ्रॉटलच्या झडपा एकाच दांड्याने जोडलेल्या. झिजेमुळे किंवा कोणी तरी स्क्रू फिरवल्यामुळे एक झडप दुसरीपेक्षा किंचित जास्त उघडी राहिली, की दोन सिलिंडर ओढतात आणि दोन ओढले जातात. गाडी उभ्या उभ्या थरथरते, पिकअप अडखळतो, एका बाजूचे प्लग काळे पडतात तर दुसऱ्या बाजूचे पांढुरके.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर कुटुंबाचा मूळ धंदा पादत्राणांचा, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली, पण तत्त्व तेच राहिले. इंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो. त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते. सुईभोवतीची फट वाढते आणि तेवढे जास्त पेट्रोल येते. खालचा षट्कोनी नट फिरवून जेट वर-खाली करता येतो. जेट खाली गेला की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. वर आला की लीन. नटाची एक बाजू फिरवणे हे इथले माप. इतके साधे यंत्र माणसाने पुन्हा फारसे बनवले नाही, असे माझा मित्र म्हणतो आणि मला ते पटते.

मेळ घालण्याची रीत ठरलेली आहे आणि तिचा क्रम बदलून चालत नाही. आधी टॅपेट, मग पॉइंटची फट, इग्निशनचे टायमिंग, प्लग. निम्म्या वेळा ‘कार्बोरेटर बिघडलाय’ म्हणून आलेल्या गाडीचा दोष इथेच सापडतो, असे जुने मिस्त्री सांगतात. नंतर इंजिन पुरते गरम करायचे. एअर फिल्टर काढायचे. दोन्ही पिस्टन बोटाने उचलून सोडले तर खाली टेकताना ‘टक’ असा स्वच्छ आवाज येतो का, वरच्या नळीत तेल आहे का, दोन्ही जेट सारख्या खोलीवर आहेत का, हे बघायचे. मग दोन झडपांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करून दोन्ही कार्बोरेटर सुटे करायचे आणि रबराच्या नळीचे एक टोक कानात, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे. हवा आत जाताना हिस्स असा आवाज येतो. पुढच्याचा ऐकायचा, मागच्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवायचे. हवेचा प्रवाह दाखवणारे छोटे मीटरही मिळतात, पण मित्र नळीवाला आहे. स्टेथोस्कोप हाताळलेल्या माणसाला या कामात किती आनंद होतो ते वेगळे सांगायला नको. ती नळी त्या दिवशी माझ्या कानात होती.

हवा सारखी झाल्यावरच पेट्रोलकडे वळायचे. एका कार्बोरेटरची पिन बोटाने ढकलून पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच. लगेच पडला तर लीन. क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर योग्य. नट एक बाजू फिरवायचा, पुन्हा पिन उचलायची. एकाचे झाले की दुसऱ्याचे, आणि दुसऱ्याचे केले की पहिल्याचे पुन्हा, कारण दोघांमध्ये जोडनळी असते आणि एकाला हात लावला की दुसऱ्याचे थोडे बदलतेच. मग पुन्हा हिस्स ऐकायची. शेवटी क्लॅम्प आवळायचे आणि इंजिन पंधराशे फेऱ्यांवर नेऊन दोन्ही झडपा एकदमच उघडतात ना ते बघायचे. (दोन औषधांचे डोस एकाच दिवशी बदलू नयेत हे मी निवासी डॉक्टरांना गेली अनेक वर्षे सांगतो, त्यांनी एकदा तरी दोन कार्बोरेटर जुळवून बघावेत.)

हे सगळे करताना इंजिन चालूच असते. आयडलिंगवर, उभ्या गाडीत, पाऊण-एक तास. आणि बाहेर पाऊस होता म्हणून आम्ही गॅरेजचे दार वीतभर फट ठेवून खाली ओढले होते.

अर्ध्या तासाने माझे कपाळ ठणकू लागले. मी दोनच दिवसांपूर्वी विमानातून उतरलो होतो, त्यामुळे जेट लॅग म्हणून सोडून दिले. मित्र म्हणाला, ‘‘माझंही दुखतंय रे, सकाळची कॉफी राहिली.’’ त्याने नट आणखी एक बाजू खाली फिरवला. इंजिन आणखी मऊ वाजू लागले. ‘‘आता कसं गोड वाजतंय बघ!’’ म्हणून त्याने आणखी एक बाजू फिरवला. मला नळीतला आवाज पुढचा की मागचा, हे दोनदा विसरायला झाले. कोविडच्या काळातला बोटावरचा ऑक्सिमीटर त्याच्या खणात होता. गंमत म्हणून लावला. त्याचा ९८, माझा ९९. आम्ही हसलो आणि कामाला लागलो.

काही वेळाने वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच ओरडून विचारले, ‘‘काय हो हे, किती धूर! आणि भावोजी, तुमचा चेहरा बघा जरा.’’ त्यांनी दार पूर्ण वर केले, इंजिन बंद करायला लावले आणि आम्हाला बाहेर काढले. मी बागेतल्या ओल्या बाकावर बसलो आणि ओकलो. नंतर मित्राच्या रुग्णालयात रक्ततपासणी झाली. हिमोग्लोबिनपैकी कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला वाटा त्याचा १६ टक्के, माझा १४. सिगारेट न ओढणाऱ्या माणसात तो एक-दोन टक्क्यांच्या वर नसतो. दुपारभर दोघेही ऑक्सिजनचे मास्क लावून शेजारशेजारच्या खाटांवर पडून होतो, आणि त्याचे कनिष्ठ सहकारी फार सभ्य असल्यामुळे कोणी काही बोलले नाही.

माझे म्हणणे असे आहे की, ही केवळ निष्काळजीपणाची गोष्ट नाही. कार्बोरेटरचा मेळ घालण्याच्या कलेतच एक सापळा आहे, आणि छंदिष्टांना ज्याचा अभिमान वाटतो तो ‘कान’ त्या सापळ्याचा भाग आहे.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. पेट्रोल त्याहून जास्त झाले की ऑक्सिजन अपुरा पडतो आणि कार्बनचे डायऑक्साइडऐवजी मोनॉक्साइड बनते. पण जुने इंजिन आयडलिंगवर सर्वांत गुळगुळीत वाजते ते थोड्या रिच मिश्रणावरच. म्हणजे कानावर भरवसा ठेवून ट्यूनिंग करणारा माणूस नकळत रिचच्या दिशेने सरकतो. इंजिन जितके गोड, तितका धुरात विषाचा वाटा जास्त. त्यात हा वायू रंगहीन आणि वासहीन. धुराचा जो वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा, आणि त्या वासाला नाक काही मिनिटांत सरावते. शिवाय या वायूचा पहिला मारा होतो तो नेमका त्याच अवयवावर, ज्याने ‘आता बस’ म्हणायचे असते. डोके जड होते, निर्णय सैल होतात, आणि माणूस आणखी एक बाजू नट फिरवतो. वहिनींना जे दारातून दिसले ते आम्हाला दिसले नाही, कारण त्या स्वच्छ हवेतून आल्या होत्या.

आकडा किती मोठा आहे याचा कागदावर हिशेब केला. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना अशा इंजिनातून मिनिटाला ढोबळमानाने दोनशे लिटर धूर बाहेर पडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के धरले, तर मिनिटाला सहा लिटर. एका गाडीचे गॅरेज साधारण ४५ घनमीटरचे, म्हणजे ४५ हजार लिटरचे. पूर्ण बंद असेल तर दहा मिनिटांत हवेतले प्रमाण १,३०० पीपीएमच्या आसपास जाते. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी ‘जिवाला तत्काळ धोका’ म्हणून ठरवलेली पातळी १,२०० आहे. आणि तीन टक्के हा काही बिघडलेल्या गाडीचा आकडा नव्हे; आपल्याकडे जुन्या पेट्रोल मोटारींना पीयूसीत तेवढ्याला परवानगी आहे. ट्यूनिंग चालू असताना, नट खाली-वर होत असताना, प्रमाण त्याच्या दुप्पटही सहज असू शकते. आमच्या दाराला वीतभर फट होती म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

‘आमच्या वडिलांनी जन्मभर हेच केले, त्यांना काही झाले नाही’, असा युक्तिवाद मला नेहमी ऐकायला मिळतो. वडिलांनी ते बहुधा अंगणात, झाडाखाली केले होते. दुसरा युक्तिवाद नव्या गाडीचा: ‘माझी गाडी पार्किंगमध्ये चालू असते, कोणाला काही होत नाही.’ नव्या गाडीत संगणक पेट्रोलचे प्रमाण सांभाळतो आणि तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उरलासुरला मोनॉक्साइड जाळून टाकतो. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आले ते १९९५ मध्ये. त्याआधीच्या गाडीच्या सायलेन्सरमधून इंजिनात जे बनले ते जसेच्या तसे बाहेर येते. आणि थंड कन्व्हर्टरही फारसे काम करत नाही, त्यामुळे नवी गाडीदेखील बंद जागेत चालू ठेवू नयेच.

आता ऑक्सिमीटरबद्दल, कारण आम्ही फसलो ते तिथे, आणि कोविडनंतर हे यंत्र घरोघरी आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. बोटावरचे यंत्र लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशलहरींवरून अंदाज बांधते, आणि लाल प्रकाशात मोनॉक्साइड लागलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजन लागलेल्यासारखेच दिसते. त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाचाही आकडा ९८ येतो. माझा मित्र हे विद्यार्थ्यांना शिकवतो. भूलतज्ज्ञाला ते माहीत नसते तर मला कमी वाईट वाटले असते.

खरा आकडा कळायला को-ऑक्सिमीटर लागतो. तो रक्ताचा नमुना अनेक प्रकाशलहरींवर तपासतो. आपल्या कितीतरी सरकारी रुग्णालयांत ही सोय नाही, आणि निदान जिल्हा पातळीवर तरी ती असावी असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब, गॅस गीझरच्या कोंदट न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली तरुण मुलगी, दुकानात जनरेटर लावून बसलेला माणूस, या सगळ्यांसाठी तेच यंत्र लागते. पण ते नाही म्हणून उपचार थांबत नाहीत. संशय आला की मास्कने भरपूर ऑक्सिजन सुरू करायचा, अहवालाची वाट बघायची नाही. साध्या हवेत शरीरातला निम्मा मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम एक-दीड तासात होते. आणि बरे वाटले म्हणजे संपले असेही नाही. काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात बदल, स्वभावात बदल दिसू लागतो. म्हणून त्यांना परत बोलवावे लागते.

संशय येण्यासाठी मात्र प्रश्न विचारावा लागतो. आपल्याकडे दोन कार्बोरेटरच्या मोटारी मूठभर. पण दोन कार्बोरेटरची राजदूत ३५० अजून जिवापाड जपली जाते, आणि एका कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या, रिक्षा, मोटारसायकली तर असंख्य. पावसाळ्यात शटर अर्धे खाली ओढून आत इंजिन चालू असलेले गॅरेज कोणत्याही गावात दिसेल. मिस्त्री निदान मधूनच बाहेर चहाला जातो. अ‍ॅक्सिलरेटरची वायर धरून सायलेन्सरच्या बाजूला बसवलेला हाताखालचा पोरगा तिथेच असतो. तो ओपीडीत येतो तेव्हा म्हणतो, डोकं दुखतं, मळमळतं, संध्याकाळी जास्त. आम्ही पित्ताची गोळी लिहून देतो. रविवारी बरं असतं का, हा एक प्रश्न विचारला तर बहुतेक उलगडा होईल. मीही तो प्रश्न त्या ऑक्टोबरनंतरच विचारू लागलो.

कार्बोरेटर साफ करायच्या फवाऱ्याबद्दलही दोन शब्द. सांध्यातून हवा गळते का हे बघायला लोक चालू इंजिनावर हा फवारा मारतात. गरम मॅनिफोल्डवर तो पेट घेऊ शकतो, ही एक गोष्ट. दुसरी कमी माहीत असलेली: अशा काही द्रावणांत डायक्लोरोमिथेन असते, त्यालाच मेथिलीन क्लोराइड म्हणतात. ते श्वासातून आत गेले की आपले यकृत त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करते, आणि काम संपल्यावरही काही तास करत राहते. म्हणजे इंजिन बंद असतानाही ही विषबाधा होऊ शकते. डबीवरची बारीक अक्षरे वाचावीत. आणि जेट चोंदला म्हणून तोंडाने फुंकणे किंवा नळीने पेट्रोल तोंडाने ओढणे हा प्रकार कायमचा बंद करावा. पेट्रोलचा घोट पोटात गेला त्यापेक्षा चार थेंब फुप्फुसात गेले तर जास्त वाईट. आणि असे कोणी प्यायले तर त्याला मुद्दाम उलटी करायला लावू नये.

मग कान सोडून द्यायचा का? मुळीच नाही. दोन कार्बोरेटरची हवा सारखी करायला कानासारखे साधन नाही. तो दोन आवाजांची तुलना करतो, आणि तुलनेत तो पक्का आहे. पेट्रोल किती, हे ठरवणे मात्र त्याच्याकडून काढून घेतले पाहिजे. धुरातला मोनॉक्साइड मोजणारा मीटर सायलेन्सरमध्ये घालावा. पीयूसी केंद्रात असतो तोच प्रकार. त्यातही एक मेख आहे. सायलेन्सरमध्ये दोन्ही कार्बोरेटरचा धूर एकत्र येतो, त्यामुळे एक रिच आणि दुसरा लीन असला तरी सरासरी ठीक दिसते आणि गाडी पीयूसीत पास होते. म्हणून प्रत्येकाची पिन उचलून बघणे आणि चारही प्लगचा रंग बिस्किटासारखा आहे का ते पाहणे चुकत नाही. मीटर एकूण बेरीज सांगतो, पिन आणि प्लग वाटणी सांगतात. टॅपेट आणि टायमिंग आधी करून ठेवले, मीटर लावला आणि क्रम पाळला तर इंजिन चालू ठेवावे लागते ते वीसेक मिनिटे. ती वीस मिनिटे उघड्यावर, सायलेन्सर वाऱ्याच्या दिशेला करून. गॅरेजात पंखा लावून भागत नाही, पंखा तीच हवा फिरवतो. मोनॉक्साइडचा भोंगा देणारे अलार्म मिळतात, तो एक लावावा. पण अलार्म आहे म्हणून शटर खाली ओढू नये.

माझ्या मित्राने पुढच्याच आठवड्यात गाडी ढकलत अंगणात आणली, गॅस मीटर आणला आणि सगळे पहिल्यापासून केले. दोन्ही नट तीन-तीन बाजू वर न्यावे लागले, म्हणजे आम्ही त्या सकाळी ‘गोड’ म्हणून जे ठरवले होते ते किती रिच होते बघा. त्याने इंजिनाच्या आवाजाची फीत पाठवली. पूर्वीइतके मऊ वाजत नाही, थोडे खडबडीत आहे, पण दोन्ही हिस्स सारख्या आहेत. आता क्लॅम्प नीट आवळायचे राहिलेत. परवाचा त्याचा निरोप असा: ‘‘आज पाऊस आहे. पुढच्या रविवारी.’’